गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: कोणतं रेडिएशन चांगलं, आणि आतलं रेडिएशन टाळता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४६ वर्षांच्या मोठ्या बहिणीला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला आहे, स्टेज २बी. गाठ साडेचार सेंटिमीटरची आहे आणि एमआरआयमध्ये ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी वाढलेल्या दिसत नाहीत. एका डॉक्टरांनी थ्रीडी-सीआरटीच्या (बाहेरून रेडिएशन देण्याची एक पद्धत) २५ सिटिंग, सोबत दर आठवड्याला केमो आणि शेवटी चार वेळा ब्रेकीथेरपी (आत नळी घालून दिलेलं रेडिएशन) असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी आयएमआरटी, म्हणजे बाहेरच्याच रेडिएशनची जास्त बारकाईने आखलेली पद्धत, सुचवली. शिवाय ‘आतून नळी घालायची गरज नाही, शेवटचा डोस एसबीआरटीने (थोड्या सिटिंगमध्ये मोठ्या, नेमक्या मात्रा) बाहेरूनच देऊ’ असंही सांगितलं. बहीण आतल्या उपचाराच्या नावानेच धास्तावली आहे, म्हणून घरच्यांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

मी बावीस वर्षं रेडिएशन ऑन्कॉलॉजीत आहे आणि त्यातला बराच काळ ब्रेकीथेरपीच्या खोलीत गेला आहे. तुमच्या बहिणीचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तरी एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते. तुमच्यासमोर दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते एकात मिसळले गेले आहेत. थ्रीडी की आयएमआरटी, हा मुख्यतः त्रास किती होईल याचा प्रश्न आहे. ब्रेकीथेरपी की एसबीआरटी, हा गाठ कायमची जाईल का याचा प्रश्न आहे. पहिल्यात थोडं इकडेतिकडे झालं तर निभावतं. दुसऱ्यात तडजोड करू नका.

आधी रेडिएशन दोन टप्प्यांत का देतात ते समजून घ्या. स्टेज २बी म्हणजे आजार पिशवीच्या तोंडातून बाजूच्या पेशीजालात उतरलेला असतो, पण ओटीपोटाच्या हाडापर्यंत पोचलेला नसतो. अशा वेळी ऑपरेशनने सगळं स्वच्छ निघेल याची खात्री नसते, म्हणून रेडिएशन आणि केमो हाच मुख्य उपचार ठरतो. बाहेरून दिलेलं रेडिएशन पूर्ण ओटीपोटाला मिळतं: गाठ, बाजूचा भाग आणि लसिकाग्रंथींच्या साखळ्या. त्याची नेहमीची मात्रा २५ दिवसांत ४५ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचं एकक). डोळ्यांना न दिसणाऱ्या, विखुरलेल्या पेशी मारायला ती पुरते. साडेचार सेंटिमीटरची गाठ मात्र एवढ्याने आटते, मरत नाही. तिला एकूण ८५ ग्रेच्या वर मात्रा लागते. आता अडचण पाहा. पिशवीच्या तोंडाच्या पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय, वर आतडी. बाहेरून सगळीकडे ८५ ग्रे द्यायला गेलो तर आतड्याला भोक पडेल. मग ही उरलेली मात्रा गाठीच्या पोटातूनच द्यावी लागते, आणि तीच ब्रेकीथेरपी.

आता बाहेरच्या तंत्रांकडे येते. सर्वांत जुनी पद्धत म्हणजे पुढून-मागून दोन किंवा चारही बाजूंनी चार चौकोनी किरणपुंज. हाडांच्या खुणा पाहून चौकोन आखला जायचा आणि त्या चौकोनात जे येईल त्या सगळ्याला पूर्ण मात्रा मिळायची. थ्रीडी-सीआरटीमध्ये सीटी स्कॅनवर गाठ आणि अवयव रेखाटतात आणि किरणपुंजाला त्या आकाराप्रमाणे कडा देतात. आयएमआरटी आणखी पुढे जाते. एकेका दिशेने येणारा पुंज बारीक तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याची तीव्रता कमीजास्त करतात, त्यामुळे मधल्या आतड्यांना वळसा घालणारा, घोड्याच्या नालेसारखा मात्रेचा आकार मिळतो. व्हीमॅट हीच कल्पना मशीन फिरत असताना वापरते. वेळ कमी लागतो, परिणाम जवळजवळ तोच. कोणी ‘आमच्याकडे व्हीमॅट आहे’ म्हणून वेगळं काही विकत असेल, तर त्याने विचलित होऊ नका.

आयएमआरटीचा फायदा खरा आहे, आणि तो चांगल्या अभ्यासांतून सिद्ध झालेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३०० स्त्रियांवर पार्सर नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. प्रतिमा पाहून रोज अचूक दिलेली आयएमआरटी विरुद्ध थ्रीडी-सीआरटी, अशी ती तुलना होती. तीन वर्षांनंतर आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास थ्रीडी गटात ४२.४ टक्के, तर आयएमआरटी गटात २१.१ टक्के. निम्म्याने कमी. पुन्हापुन्हा जुलाब, पोटात कळा, घराबाहेर पडताना आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधणं, हे सगळं वर्षानुवर्षं सोसणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, म्हणून हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. पण त्याच चाचणीत आजार परत येण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता.

आणखी एक बारकावा आहे, तो बहुतेक ठिकाणी सांगितला जात नाही. पार्सरमधल्या स्त्रियांची पिशवी ऑपरेशनने काढलेली होती. तुमच्या बहिणीची पिशवी जागेवर आहे आणि ती हलते. लघवीची पिशवी भरलेली असली की गर्भपिशवी वर-मागे ढकलली जाते, रिकामी असली की पुढे कलंडते. काही स्त्रियांमध्ये हा फरक दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. थ्रीडीच्या रुंद चौकोनात ही हालचाल खपून जाते. आयएमआरटीच्या काटेकोर आकारात मात्र गाठीची कड बाहेर राहण्याचा धोका असतो. त्यामुळे आयएमआरटी घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी हव्यातच. प्लॅनिंगच्या वेळी लघवीची पिशवी भरलेली आणि रिकामी असे दोन सीटी स्कॅन काढून हालचालीचा अंदाज घेतलेला हवा. रोज ठरावीक पाणी ठरावीक वेळ आधी पिऊनच टेबलावर जायचं. आणि मशीनवर रोज सीबीसीटी (टेबलावरच काढलेला सीटी स्कॅन) काढून पिशवी आखलेल्या हद्दीत आहे का, हे पाहायचं. रोजची सीबीसीटी होत नसेल, तर काळजीपूर्वक केलेली थ्रीडी-सीआरटी मला जास्त सुरक्षित वाटते. यंत्राच्या नावापेक्षा हे विचारा.

लसिकाग्रंथी वाढलेल्या असत्या तर माझा कल आयएमआरटीकडे अधिक झुकला असता. तिथे त्या ग्रंथींनाच त्याच २५ सिटिंगमध्ये ५५ ग्रेच्या आसपास जादा मात्रा देता येते, आणि आजार पोटातल्या महाधमनीजवळच्या ग्रंथींपर्यंत असेल तर तिथलं लांबलचक क्षेत्र आयएमआरटीशिवाय देणं आतड्यांना फार जड जातं. पेट-सीटी (शरीरभर आजार शोधणारा स्कॅन) झाला नसेल तर जरूर विचारा, कारण एमआरआयवर साध्या दिसणाऱ्या ग्रंथींत कधी कधी आजार निघतो. प्रोटॉन रेडिएशनबद्दलही लोक विचारतात. त्याने हाडांतल्या मज्जेला आणि आतड्यांना कमी मात्रा मिळते हे खरं, पण या आजारात त्याने जास्त रुग्ण बरे होतात असा पुरावा नाही. त्याच्यासाठी उपचार लांबवू नका.

आता ब्रेकीथेरपी.

पिशवीच्या तोंडाजवळ रेडियम ठेवून उपचार करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. मॅंचेस्टरच्या डॉक्टरांनी १९३८ मध्ये ‘पॉइंट ए’ नावाचा बिंदू ठरवला: पिशवीच्या तोंडापासून दोन सेंटिमीटर वर आणि मधल्या रेषेपासून दोन सेंटिमीटर बाजूला. पुढची सत्तरएक वर्षं जगभर याच बिंदूला मात्रा ठरवून देत आले. एक्स-रेवर गाठ दिसतच नाही, त्यामुळे दुसरा उपायही नव्हता. गाठ लहान असो की मोठी, डावीकडे जास्त पसरलेली असो की उजवीकडे, सगळ्यांना मात्रेचा आकार सारखाच, उलट्या नासपतीसारखा. माझ्या शिकण्याच्या काळात आम्ही असंच केलं. बहुतेक स्त्रियांचं भलंच झालं त्यात. पण मोठ्या गाठीची बाजूची कड उपाशी राहायची आणि लहान गाठीच्या वेळी गुदाशय विनाकारण भाजला जायचा.

२००५-०६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने एमआरआय पाहून मात्रा ठरवण्याचे नियम मांडले. अ‍ॅप्लिकेटर (किरणस्रोत ज्यातून जातो ती नळी) आत असताना एमआरआय काढायचा, उरलेली गाठ आणि संशयित भाग रेखाटायचा, आणि त्या रेखाटलेल्या भागाच्या ९० टक्के हिश्शाला मात्रा पुरेशी मिळते का ते पाहायचं. सोबत लघवीची पिशवी, गुदाशय आणि त्याच्या वरचं वळणदार आतडं, यांतल्या सर्वाधिक मात्रा मिळणाऱ्या २ घन सेंटिमीटर भागाचा हिशोब ठेवायचा. या पद्धतीने उपचार केलेल्या १३४१ स्त्रियांचा एम्ब्रेस हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर मूळ जागेवरचा आजार ९२ टक्के स्त्रियांमध्ये आटोक्यात होता. या संख्येत मोठ्या गाठींच्या स्त्रियाही आहेत. फ्रान्समधल्या अभ्यासात केमो-रेडिएशननंतर ब्रेकीथेरपी घेतलेल्या स्त्रियांच्या गटात जुन्या एक्स-रे पद्धतीत गंभीर दुष्परिणाम २२.७ टक्के होते, त्रिमितीय पद्धतीत २.६ टक्के. चिठ्ठ्या टाकून केलेली ती तुलना नव्हती, तरी एवढी दरी योगायोगाने पडत नाही. आयएमआरटीने आतड्याचा त्रास निम्म्यावर आणला हे मी वर लिहिलं. ब्रेकीथेरपी नीट केल्याने जे साधतं ते त्याहून मोठं आहे, आणि तरी जाहिरात मात्र बाहेरच्या मशीनचीच होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिशोब कसा असतो ते एकदा दाखवते, म्हणजे डॉक्टरांशी बोलताना उपयोग होईल. एका वेळी मोठी मात्रा दिली की तिचा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त असतो, म्हणून सगळं ‘रोज २ ग्रे’ च्या भाषेत बदलून घेतात. बाहेरचे ४५ ग्रे या हिशोबात साधारण ४४ होतात. ब्रेकीथेरपीत ७ ग्रे चार वेळा दिले तर कागदावर २८, पण गाठीवरचा परिणाम जवळजवळ ४० ग्रेचा. एकूण ८४. म्हणून आम्ही दर वेळी ७ च्या थोडं वर जाता येतं का ते पाहतो. आता गुदाशय घ्या. दर वेळी त्याला ४ ग्रे मिळाले तर एकूण ६६ च्या आसपास येतात, हे चांगलं. ६ ग्रे मिळाले तर ८६ होतात. मर्यादा ७५ ची आहे, ती ओलांडली की पुढे रक्तस्राव, जखम, क्वचित फिस्टुला (दोन अवयवांमध्ये पडलेलं भोक). चार आणि सहामधला हा फरक अ‍ॅप्लिकेटर कसा बसवला, पॅकिंग (आजूबाजूचे अवयव दूर सारायला योनीत भरलेली कापडाची पट्टी) किती मन लावून केलं, गुदाशय रिकामा होता का, यावर ठरतो. स्रोतापासून अंतर दुप्पट झालं की मात्रा साधारण चौथाईवर येते. पॅकिंगने गुदाशय अर्धा सेंटिमीटर मागे सरकवला तरी त्याची मात्रा बरीच उतरते. ब्रेकीथेरपीची सगळी ताकद या नियमात आहे, आणि सगळा धोकाही.

अ‍ॅप्लिकेटरचे प्रकार, म्हणजे टँडम-ओव्हॉइड की टँडम-रिंग, यावर फार चर्चा करू नका. ज्या डॉक्टरांचा ज्यावर हात बसला आहे त्यावर चांगलं काम होतं. सुयांचं मात्र महत्त्व आहे. बाहेरच्या रेडिएशननंतरही गाठ एका बाजूला रुंद उरली असेल, तर मधल्या नळीची मात्रा तिथपर्यंत पोचत नाही. तिथे अ‍ॅप्लिकेटरसोबत बारीक सुया घालून मात्रा बाजूला ओढता येते. तुमच्या बहिणीची गाठ चांगली आटली तर सुया लागणारही नाहीत. लागल्याच तर त्या घालण्याचा अनुभव तिथे आहे का, हे आधी विचारून ठेवा. दर वेळी एमआरआय सगळीकडे शक्य नसतो. ब्रेकीथेरपीच्या सुमारास एक एमआरआय आणि बाकीच्या वेळी सीटी, हा मार्ग चांगला चालतो. पूर्वी सीझियमने दीड-दोन दिवस आत नळी ठेवून मंद गतीने मात्रा देत. आता इरिडियम किंवा कोबाल्टचा छोटासा स्रोत तारेच्या टोकावरून काही मिनिटांत आपलं काम करून मशीनमध्ये परत जातो. बरं होण्याचं प्रमाण दोन्हींत सारखंच. इरिडियम की कोबाल्ट, यानेही रुग्णाला फरक पडत नाही.

आता एसबीआरटीबद्दल. या प्रस्तावाचा मला राग येतो, पण कारणं शांतपणे सांगते. एसबीआरटी फुप्फुसातल्या लहान गाठीवर उत्तम काम करते. इथे मात्र गाठ हलती आहे आणि आतडं तिला चिकटून आहे. ब्रेकीथेरपीत अ‍ॅप्लिकेटर गाठीत बसलेला असतो, गाठ हलली तर तोही तिच्याबरोबर हलतो. गाठीच्या मध्यभागी ठरलेल्या मात्रेच्या दुप्पट-तिप्पट मात्रा मिळते, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या चिवट पेशी नेमक्या तिथेच असतात. बाहेरून हे साधत नाही. अमेरिकेत ज्यांना ब्रेकीथेरपी शक्य नव्हती अशा स्त्रियांना एसबीआरटीने चार वेळा ७ ग्रे देऊन पाहिले. गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी १५ रुग्णांवरच थांबवावी लागली. दोन वर्षांनी जागेवरचा आजार ७० टक्क्यांमध्येच आटोक्यात होता, आणि गंभीर त्रास २६.७ टक्के रुग्णांना झाला. दुसरा पुरावा त्याच देशातला. १९८८ मध्ये तिथे ८३ टक्के रुग्णांना ब्रेकीथेरपी मिळत होती, २००९ मध्ये ५८ टक्के. नोंदी जुळवून तुलना केली तेव्हा चार वर्षांनी या कॅन्सरने मृत्यू न झालेल्या स्त्रिया ब्रेकीथेरपीच्या गटात ६४.३ टक्के होत्या, बिनब्रेकीथेरपीच्या गटात ५१.५ टक्के. तंत्रज्ञान पुढे गेलं त्याच वीस वर्षांत हे घडलं.

ब्रेकीथेरपी खरोखर अशक्य असते असे प्रसंग आहेत. भूल देणं जिवावरचं असतं, किंवा पिशवीचं तोंड शोधूनही सापडत नाही. तेव्हाही आधी अल्ट्रासाउंडखाली प्रयत्न करावा, किंवा सुयांची सोय असलेल्या केंद्रात पाठवावं. आमच्याकडे ती सोय नाही, हे कारण मात्र रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याचं आहे, उपचार बदलण्याचं नाही. बाहेरचं रेडिएशन एकीकडे आणि ब्रेकीथेरपी दुसरीकडे घेतलेली चालते. फक्त दुसऱ्या ठिकाणची तारीख पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवा.

कारण वेळ. पहिल्या सिटिंगपासून शेवटच्या ब्रेकीथेरपीपर्यंत सगळं आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत संपलं पाहिजे. सात आठवड्यांत संपलं तर उत्तम. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला जागेवरचा आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घसरते, कारण उरलेल्या पेशी जोमाने वाढू लागतात. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. त्यांचे २५ शेक पूर्ण झाले, अंगावरून जाणं थांबलं, अंगात ताकद आली, आणि ‘आता बरं झालंय, आतलं कशाला’ म्हणून घरचे त्यांना घेऊन गेले. पाच महिन्यांनी पुन्हा रक्तस्राव सुरू झाला तेव्हा त्या आल्या. अ‍ॅप्लिकेटर बसवायला जागा उरली नव्हती. त्यांच्या नवऱ्याने मला विचारलं होतं, ‘तेव्हा तुम्ही आम्हाला अडवलं का नाही?’ तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी कागदावर दोन्ही टप्पे लिहून देते आणि ब्रेकीथेरपीच्या तारखांभोवती गोल करते.

केमोचं थोडक्यात. दर आठवड्याला सिसप्लॅटिन, पाच ते सहा वेळा. १९९९ पासून ते प्रमाण उपचारात आहे. टाटा मेमोरियलच्या स्टेज ३बीच्या ८५० स्त्रियांवरच्या चाचणीत पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनने ४६ टक्के, सिसप्लॅटिनसह ५४ टक्के होतं. मूत्रपिंडं चांगली असतील तर टाळू नये. हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवा, लागलं तर रक्त द्या. रेडिएशन सुरू करण्याआधी सहा आठवडे साप्ताहिक केमो देण्याचा इंटरलेस चाचणीतला मार्ग २०२४ मध्ये समोर आला. त्यात पाच वर्षांनी ८० टक्के स्त्रिया जिवंत होत्या, नेहमीच्या उपचाराने ७२ टक्के. तुमच्या बहिणीला तो लागू पडतो का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता तुमच्या बहिणीची भीती. ती खोटी नाही. भूल न देता, घाईघाईत हा उपचार झाला तर त्या वेदना बाई आयुष्यभर विसरत नाही, आणि अशा आठवणी बायका एकमेकींना सांगतात. त्यातूनच हा धसका पसरतो. ‘कंबरेत भूल देणार का पूर्ण भूल?’ हा प्रश्न आधीच विचारा, आणि ‘काही गरज नाही’ असं उत्तर आलं तर आग्रह धरा. बसवायला साधारण अर्धा तास, मग स्कॅन आणि प्लॅनिंगला दोन-तीन तास न हलता पडून राहणं, आणि प्रत्यक्ष रेडिएशन दहा-पंधरा मिनिटं. कंटाळवाणं आहे, कंबर अवघडते, पण भूल आणि वेदनाशामक नीट दिलं तर सहन होतं. स्रोत परत मशीनमध्ये गेल्यावर अंगात किरण उरत नाहीत, बहीण लहान मुलांना जवळ घेऊ शकते. शक्य असेल तर हा उपचार पूर्ण केलेल्या एखाद्या बाईशी तिची भेट घालून द्या. माझ्या बोलण्यापेक्षा त्याने जास्त धीर येतो.

दोन ठिकाणांत निवडायचं झालं तर मी पहिलं ठिकाण निवडीन, तिथे थ्रीडी-सीआरटी असली तरी. त्यांना आयएमआरटी आणि रोजची सीबीसीटी शक्य आहे का ते विचारा. ब्रेकीथेरपीचं प्लॅनिंग सीटी-एमआरआयवर करतात का, आणि महिन्याला किती करतात, हेही. हे काम हाताचं आहे, रोज करणाऱ्याच्या हाताला जमतं.

एक गोष्ट कोणी बोलणार नाही, म्हणून मी बोलते. या उपचारानंतर पाळी कायमची थांबेल, आणि ४६ व्या वर्षी अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं एकदम सुरू होईल. स्क्वॅमस प्रकारचा (वरच्या आवरणातल्या चपट्या पेशींचा) कॅन्सर असेल तर हार्मोनच्या गोळ्यांना सहसा हरकत नसते, त्याबद्दल विचारा. योनीमार्ग आक्रसतो, चिकटतो. जखमा भरल्या की साधारण महिन्याभराने डायलेटर (योनीमार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी) वापरायला सुरुवात करायची, आठवड्यातून दोन-तीन वेळा, दीर्घकाळ. संबंध ठेवायचे असोत वा नसोत, ते करावं लागतं, नाहीतर पुढच्या तपासण्या करणंच अवघड होतं. डायलेटर कसा वापरायचा हे नर्सकडून प्रत्यक्ष शिकून घ्यायला सांगा. आणि पहिला एमआरआय किंवा पेट-सीटी उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी करा. त्याआधी केला तर रेडिएशनची सूजच आजारासारखी दिसते, आणि घरात उगाच रडारड होते.